आवडतं गाणं, आलेली आठवण आणि पुरावा

गाण्यांवर संशोधन करायचं म्हणणाऱ्यांच्या पहिल्या टिपणात एक वाक्य हमखास असतं: ‘हे गाणं ऐकलं की मला लहानपण आठवतं.’ बहुतेक वेळा गाइड ते खोडायला सांगतात, कारण ते ‘व्यक्तिगत’ असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. ते वाक्य इतक्यात खोडू नका. आधी ते कशाचा पुरावा आहे, हे ठरवा.

उदाहरण म्हणून ‘गीतरामायण’ घेऊ. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आकाशवाणीचं पुणे केंद्र. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिलं गाणं लागलं आणि पुढं दर आठवड्याला एक नवं गाणं येत गेलं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ठरलेल्या ५२ गाण्यांची ५६ झाली.

माझ्या कामात एका आजींची मुलाखत घेतली होती. त्या म्हणाल्या, “सगळी गाणी बाबूजींच्याच आवाजात ऐकली आम्ही, रेडिओवर.” आता मूळ मालिकेत फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. सगळी गाणी एकट्या बाबूजींच्या आवाजात आली ती पुढं, त्यांच्या कार्यक्रमांतून आणि रेकॉर्डमधून. म्हणजे आजींच्या आठवणीत दोन काळ एकमेकांत मिसळलेत. इथं त्यांना दुरुस्त करायची घाई केली असती, तर मुलाखत तिथंच संपली असती. कारण पुढचं वाक्य होतं, “रेडिओ शेजारच्यांकडे होता. पुरुष आत बसायचे, आम्ही दारात. नळाला पाणी आलं की निम्मं गाणं सोडून पळायचं.” कोण आत, कोण दारात, कुणाला गाणं पूर्ण मिळालं आणि कुणाला अर्धं, हे कुठल्याही ध्वनिमुद्रिकांच्या सूचीत सापडणार नाही. आवाजाबाबत जी आठवण कच्ची निघाली, तीच ऐकण्याच्या जागेबद्दल बरंच सांगून गेली.

या मिसळण्यानं समीक्षेपुढंही प्रश्न उभा राहतो. वेगवेगळी पात्रं वेगवेगळ्या आवाजांत गातात, तेव्हा गीतरामायण संगीतिकेसारखं ऐकू येतं. तेच एक माणूस सलग गातो तेव्हा कीर्तनाच्या जवळ जातं. शब्द आणि चाली त्याच, पण कृती तीच राहते का? तुमच्या आठवणीत यातलं कुठलं गीतरामायण आहे, हे लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. पेत्र यनाता आणि सहकाऱ्यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना त्यांच्या वयाच्या ७ ते १९ वर्षांतल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले. सरासरी ३० टक्के तुकड्यांनीच स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी केली. म्हणजे ओळखीचं प्रत्येक गाणं आठवण उघडतंच असं नाही. कॅरल क्रुम्हान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा २०१३चा अभ्यास आणखी रंजक आहे. साधारण विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९मधली गाजलेली गाणी ऐकवली, तेव्हा स्वतःच्या काळाबरोबरच आईवडील तरुण असतानाच्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. घरात जे वाजतं ते पुढच्या पिढीचं होतं. मात्र हे अभ्यास अमेरिकन विद्यार्थ्यांवर आणि तिथल्या लोकप्रिय गाण्यांवर झालेत. ओवी, आरती, कीर्तन यांना ते जसेच्या तसे लावू नका.

आता अवघड भाग. रामानं भरताची समजूत घातली ते गाणं लागलं की माझा घसा दाटतो. आजोबा ते गुणगुणायचे, आणि ते गेल्यावर बरेच दिवस मला ते लावणं जमलं नव्हतं. मग हे गाणं थोर आहे असं मी म्हणते, तेव्हा बोलतंय कोण? समीक्षक की नात?

मी आधी संहितेकडे गेले. हे गाणं आहेच मुळी वडील गेल्यानंतरचं. दशरथाच्या मृत्यूनंतर मोठा भाऊ धाकट्याला समजावतोय. समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि दुरावतात, ही त्यातली उपमा वाल्मीकींच्या अयोध्याकांडातून आलेली आहे. म्हणजे माझ्या दाटलेल्या घशातला काही भाग गाण्याचाच आहे. घरातलं माणूस गेलेल्या श्रोत्यासाठी त्यात आधीच जागा केलेली आहे. पण टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा खटका, आजोबांचं तिसऱ्या कडव्याला थांबून चष्मा पुसणं, हे गाण्यात नाही. ते माझं आहे. आणखी एक गोष्ट गाण्यात आहे आणि आठवणीत नाही: हे नुसतं सांत्वन नाही. राम परत न येण्याचा निर्णय भरताच्या गळी उतरवतोय. आठवणीच्या उबेत गाण्यातला हा ठाम नकार मला कितीतरी वर्षं ऐकूच आला नाही. तो ऐकू आल्यावर गाणं मला जास्त आवडायला लागलं.

तुम्ही हे असं करून बघा. आवडतं गाणं लावा आणि आठवेल ते आधी लिहून काढा, काहीही न तपासता. मग दुसऱ्या रंगाच्या पेनानं तीन गोष्टी वेगळ्या करा: गाण्यात प्रत्यक्ष काय आहे, ते तुमच्यापर्यंत कशातून आलं (रेडिओ, कॅसेट, आईचा आवाज), आणि आज ऐकताना तुम्ही कोण आहात. शक्य असेल तर तेच गाणं अशा कुणाला ऐकवा ज्याचं त्याच्याशी काहीच नातं नाही, आणि तो कुठं थांबतो ते बघा.

तीन रंगांचं ते पान प्रबंधात जाणार नाही कदाचित. पण व्हायव्हाला ‘हाच विषय का?’ असं विचारतील, तेव्हा तुमच्याकडं ‘मला आवडतं’ याच्या पुढचं उत्तर असेल.