महिषासुर मेला की नवरा झाला? कोसंबींचं एक म्हणणं रत्नागिरीत तपासताना

नवरात्र जवळ आलं की महिषासुराची गोष्ट आपण पुन्हा एकदा ऐकतो. रेड्याचं रूप घेणारा राक्षस, देवीला आपापली शस्त्रं देणारे देव, मोठं युद्ध आणि शेवटी त्रिशूळ. आता समजा, कुणी तुम्हाला सांगितलं की काही गावांत हीच देवी त्याच राक्षसाची बायको आहे, तर?

हे म्हणणं दामोदर धर्मानंद कोसंबींचं. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात ते वाचायला मिळतं. मला मात्र कोसंबी आधी भेटले ते एमएस्सीच्या जनुकशास्त्रात. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायला ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ वापरतात, ते त्यांनी १९४४ साली मांडलं. हा गणिती आणि म्हसोबाच्या शेंदरी दगडांमागे पुणे जिल्हा पायी फिरणारा माणूस एकच, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर ठरवलं, की त्यांचं देवीबद्दलचं म्हणणंही जनुकांच्या नकाशासारखंच तपासून वाचायचं. भक्तीने नको आणि रागानेही नको.

आधी त्यांचं म्हणणं नीट समजून घेऊ. अन्न गोळा करून जगणाऱ्या जुन्या समूहांच्या देवता म्हणजे बहुतेक आया: एकट्या, नवरा नसलेल्या, रक्त मागणाऱ्या. मग गुरं राखणारे लोक आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पुरुषदेव आले. दोन समूह भांडले तिथे देवीने देवाला राक्षस ठरवून मारलं. दोन समूह एकत्र नांदू लागले तिथे दोघांचं लग्न लागलं. पुराव्यादाखल पुरंदर तालुक्यातलं वीर घ्या. तिथे म्हस्कोबा आहे, त्याची जोगूबाई म्हणजे जोगेश्वरी आहे, आणि माघ पौर्णिमेला दोघांचं लग्न आजही लागतं. म्हस्कोबा म्हणजे म्हसोबा, म्हसोबा म्हणजे महिष. जोगूबाई म्हणजे योगेश्वरी, म्हणजेच दुर्गा. म्हणजे पुराणात जिने त्याला मारलं, तिनेच वीरला त्याच्या गळ्यात माळ घातली.

वाचताना अंगावर काटा येतो, हे कबूल. पण काटा आला म्हणून सिद्धता झाली असं होत नाही. या साखळीत किमान तीन कड्या आहेत. प्रत्येक कडी खरी असण्याची शक्यता सत्तर टक्के धरली, तर तिन्ही एकदम खऱ्या असण्याची शक्यता चौतीस टक्क्यांवर येते. सत्तर हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतलाय. मुद्दा एवढाच, की ‘बहुधा’ला ‘बहुधा’ जोडत गेलं की शेवटी ‘नक्की’ उरत नाही.

पहिली कडी बघा. वीरच्या परंपरेत म्हस्कोबा हा काळभैरव आहे, सोनारीहून भक्तासाठी आलेला. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि कथा वर्षानुवर्षं गोळा केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. त्या दुनियेतला म्हस्कोबा मेंढपाळांच्या मागे आलेला, त्यांना सांभाळणारा देव आहे. हरलेला राक्षस तिथे दिसत नाही. नावाचा उच्चार महिषाशी जुळतो, पण कथा जुळत नाही.

इथे आपली रत्नागिरी कामाला येते. प्रयोगात ‘नियंत्रण’ लागतं हे तुम्हाला माहीत असेल. ज्या घटकाचा परिणाम तपासायचा, तोच काढून बाकी सगळं तसंच ठेवायचं. रत्नागिरीच्या बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्रीदेव भैरी. त्याच्या नावाला जोडूनच जोगेश्वरीचं नाव येतं, मग नवलाई, पावणाई. कोकणात भैरी-जोगेश्वरी, भैरी-जुगाई ही जोडी गावोगाव सापडते. म्हणजे वीरला आहे तीच जोडी इथेही आहे, फक्त देवाच्या नावात महिष नाही. महिषाशिवायही भैरव आणि योगेश्वरी एकत्र येतात, तर वीरचं लग्न समजून घ्यायला महिष लागतोच कशाला? भैरव आणि त्याची योगेश्वरी एवढं पुरतं.

योगेश्वरी म्हणजेच महिषमर्दिनी ही कडीही सैल आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. तिच्या कथेत ती दंतासुराला मारते. महिषासुराला मारल्याची ही कथाच नाही. आणि ती कुमारिका आहे: परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, ती तिथेच राहिली. तेच नाव घाटाखाली भैरवाच्या शेजारी आहे आणि घाटावर एकटं.

आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. देवीने मारलं तर संघर्ष झाला. लग्न केलं तर मीलन झालं. एकटी राहिली तर मीलन अजून व्हायचंय. मग काय दिसलं असतं तर कोसंबी म्हणाले असते की आपलं चुकलं? तिन्ही निकाल एकाच सिद्धांताला पाठिंबा देत असतील, तर त्यातला एकही खरा पाठिंबा नाही. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात याच्या नेमकी उलट, तपासता येण्यासारखी मांडणीही आहे. आईच्या ठाण्यांच्या जागा जुन्या वाटांवर आणि चौकांवर येतात, तिथे आसपास सूक्ष्मास्त्रं, म्हणजे दगडाची बारीक हत्यारं मिळतात, असं ते सांगतात. हे कुणीही नकाशा घेऊन जाऊन खोटं ठरवू शकतं. मला खरे कोसंबी तिथे दिसतात, लग्नाच्या प्रकरणात तेवढे नाही.

मग त्यांचं सगळंच मोडीत काढायचं का? नाही. त्यांची मूळ शंका, म्हणजे पोथीतली गोष्ट आधी आणि गावातली पूजा तिची बिघडलेली नक्कल, हा क्रम खरा नसावा, ही मूर्तींवरूनही टिकते. महिषमर्दिनीच्या मथुरेकडच्या मूर्ती कुषाणकाळापर्यंत मागे जातात. त्यांत देवी अख्ख्या रेड्याला हाताने दाबून धरते, कापलेल्या मानेतून बाहेर येणारा माणूस त्यांत नाही. देवीमाहात्म्य साधारण सहाव्या शतकातलं मानतात. म्हणजे मूर्ती आधीची आणि पोथी नंतरची. महाबळीपुरमला सातव्या शतकात रेड्याच्या डोक्याचा पुरुष देवीशी लढताना दिसतो. मानेतून निघणारा असुर पुढे रूढ झाला. आणि महाभारताच्या वनपर्वात तर महिषाला मारणारा स्कंद आहे, देवी नाही!

चिपळूणला रावतळ्याच्या विंध्यवासिनीला कधी गेला असाल तर आठवा. काळ्या पाषाणातली आठ हातांची महिषमर्दिनी, आणि त्याच देवळात षडानन कार्तिकेयाची मूर्ती. महिषाला मारल्याचा मान दोन ग्रंथांनी दोघांना दिलाय आणि दोघंही एका छपराखाली. यावरून लगेच सिद्धांत रचायचा मोह मलाही झाला होता. आवरला. दोन मूर्ती शेजारी असणं म्हणजे दोन कथा शेजारी असणं नव्हे. त्या मूर्ती तिथे एकाच वेळी आल्या का, हे आधी कळायला हवं.

आणि एक गोष्ट कोसंबींच्या चौकटीत बसतच नाही. शिमग्यात पालखीला रूपं लागतात तेव्हा नीट बघा. चांदीचा मुखवटा, डोळे, कुंकू, साडी. हात नाहीत, त्रिशूळ नाही, रेडाही नाही. देवी उग्र आहे हे गाव शस्त्रांवरून ठरवत नाही. तिला कौल लावतात, ती उजवा-डावा देते. तिच्यापुढे गाऱ्हाणं घालतात, राखण देतात, ओटी भरतात. राखण चुकली तर ती कोपेल ही भीती खरी आहे, आणि बाळंतपण सुखरूप झालं की पहिली ओटीही तिचीच. इथे तिने कुणाला मारलं हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ‘ती आमची कोण’ हा विचारतात. कोसंबींनी ठाणी मोजली, दगड पाहिले, पण गाऱ्हाण्याचे शब्द त्यांच्या नकाशात जवळजवळ नाहीत.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण पुरावा संपत चाललाय. कोकणात देवळांचे जीर्णोद्धार जोरात आहेत. झिजलेली, शेंदराखाली बुजलेली मूर्ती ‘भंगली’ म्हणून पाण्यात सोडली जाते आणि तिच्या जागी कॅलेंडरासारखी वाघावर बसलेली संगमरवरी देवी येते. ते करायचा हक्क गावाचा आहे, तो मी नाकारत नाही. पण पुढच्या पिढीला मग प्रत्येक गावात एकच देवी दिसेल आणि एकच गोष्ट ऐकू येईल. तेव्हा कोसंबी बरोबर होते की चूक, हे तपासायला काही उरणारच नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात जीर्णोद्धार ठरला असेल, तर गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारून जुन्या मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो काढा. हात किती, हातांत काय, पायाखाली काय, शेजारी कोण, कोणत्या दिशेला तोंड, हे वहीत उतरवा. गाऱ्हाणं घालणाऱ्यांची परवानगी असेल तर त्यांचा आवाजही जपून ठेवा. अर्थ लावायची घाई नको. कोसंबींशी वाद घालायचा तर आपल्याकडे निदान त्यांच्याइतकी पायपीट तरी हवी.