खेळाची बैठक

हा अंक तुम्ही टेबलाशी ताठ बसून वाचत नसणार. फराळाची बशी हाताशी, पाठीला लोड, मध्येच कोणी दाराशी आले की पानाचा कोपरा दुमडायचा आणि पाहुणा गेला की तेथूनच पुढे. दिवाळी अंक असाच वाचला जातो आणि असाच वाचावा. ज्ञानकोशाचा खंड असा वाचता येत नाही. त्याला टेबल लागते, दिवा लागतो, आणि ‘ही आता वाचायला बसली आहे’ हे घरातल्या चार माणसांनी मान्य करावे लागते. प्रत्येक पुस्तकाची अशी एक बैठक असते, आणि ती बदलली की पुस्तकही थोडे बदलते, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

संगणकावरच्या खेळांविषयी लिहायचे आहे, म्हणून हे आधी सांगितले. या खेळांची परीक्षणे मी आवडीने वाचते. चित्रे कशी, कथा कशी, संगीत कसे, लढाई कितपत अवघड, याचा त्यांत बारीक विचार असतो. पण परीक्षकाने तो खेळ कोठे बसून खेळला, आणि मध्येच उठावे लागले तेव्हा काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. बहुधा त्यांना मध्येच उठावे लागत नसावे.

हातात धरून खेळायची यंत्रे काही आजची नव्हेत. जपानच्या वेगवान आगगाडीत कंटाळलेला एक नोकरदार गणकयंत्राची बटणे उगीचच दाबत बसलेला पाहून निन्टेन्डो कंपनीच्या गुनपेई योकोई यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. त्यांचा ‘गेम अँड वॉच’ १९८० साली आला आणि ‘गेम बॉय’ १९८९ साली. गेम बॉयचा पडदा हिरवट, रंग असे नाहीतच. चार सेल घातले की पुष्कळ तास चाले. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत पडद्याचा ‘गेम गिअर’ काढला. तो सहा सेल घेई आणि काही तासांत संपवून टाकी. लोकांनी हिरवट पडदाच पसंत केला. हातातल्या यंत्राला लोक काय मागतात, हे त्या वेळीच स्पष्ट झाले होते. पण त्या यंत्रांचे खेळही वेगळे असत, त्यांच्या मापाने शिवलेले. टेबलावरच्या संगणकाचा मोठा खेळ टेबलावरच राही.

ही भिंत खऱ्या अर्थाने पडली ती २०२२ साली. चीनच्या शेन्झेनमधल्या जीपीडी कंपनीने २०१६ पासूनच तिला धडका द्यायला सुरुवात केली होती. पण २८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा ‘स्टीम डेक’ गिऱ्हाइकांकडे रवाना होऊ लागला, आणि सर्वसाधारण माणसाच्या हातात पूर्ण पीसी आला. विंडोजसाठी लिहिलेला तोच खेळ, कापून लहान केलेला नव्हे, तोच, आता मांडीवर चालू लागला. यंत्राची स्वतःची प्रणाली लिनक्सची आहे. खेळ विंडोजची भाषा बोलतो आणि मध्ये ‘प्रोटॉन’ नावाचा एक दुभाष्या बसून भराभर भाषांतर करतो. भाषांतराचा हा प्रकार इतका बिनबोभाट चालतो की कादंबऱ्यांच्या भाषांतरकारांनी हेवा करावा.

आमच्या घरी या यंत्राचे आगमन भाच्याच्या सामानातून झाले. कंपनीने ते भारतात विकायला ठेवलेच नव्हते. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, यांचा टेबलावरचा पीसी घरात आधीपासून आहे. त्यांनी डेक उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “वहिनी, हे खेळणे आहे. खेळ बघायचा तर तो मोठ्या पडद्यावर.”

आकडे भाऊजींच्या बाजूचे आहेत, हे प्रथमच मान्य करते. डेकचा पहिला पडदा ७ इंची, १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे १० लाख ठिपक्यांचा. टेबलावरच्या फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. डेकच्या मुख्य चिपेला जास्तीत जास्त १५ वॅट वीज मिळते. टेबलावरच्या पीसीतले आरटीएक्स ४०९० हे नुसते चित्र काढणारे कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज ओढते. ठिपके कमी म्हणून श्रम कमी, श्रम कमी म्हणून वीज कमी, एवढेच त्यातले रहस्य. आणि तरीही जड खेळ लावला तर ४० वॅट-तासांची बॅटरी दोन तासांच्या आसपास मान टाकते. वजन ६६९ ग्रॅम. निजून खेळताना डोळा लागला तर नाकावर पडते, आणि ६६९ ग्रॅम म्हणजे किती ते कळते. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ओलेड पडद्याच्या आवृत्तीने रंग आणि बॅटरी दोन्ही सुधारली. पैशाचा हिशेबही असाच. २०२३ साली आसूसचा ‘आरओजी अ‍ॅलाय’ भारतात ६९,९९० रुपयांना आला. तेवढ्यात टेबलावरचा बरा पीसी जुळवता येत असे.

तर मग मोह कसला? लोक म्हणतात, सोयीचा. प्रवासात नेता येतो, गादीवर लोळत खेळता येते. हे उत्तर मला अपुरे वाटते. माझ्या मते यातली खरी करामत म्हणजे वरच्या कडेचे चालू-बंद करण्याचे बटण. ते दाबले की खेळ आहे तेथे गोठतो. संवादातले अर्धे वाक्य, उडीच्या मध्यावर असलेला नायक, सारे जसेच्या तसे. तासाने, दिवसाने पुन्हा दाबले की काही क्षणांत वाक्य पुरे होते. टेबलावरच्या पीसीलाही झोपवता येते, नाही असे नाही. पण भर खेळात तसे कोणी करत नाही, आणि केले तर जागा होताना तो कोणत्या मनःस्थितीत असेल याचा भरवसा नसतो. विंडोजवर चालणाऱ्या हातातल्या पीसींविषयीही ही तक्रार पुष्कळांनी केली आहे.

या बटणाचा कलाकृतीवर काय परिणाम होतो, ते ‘एल्डन रिंग’वरून चांगले समजते. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेला हा खेळ डेकच्या तीनच दिवस आधी, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, बाहेर पडला. त्यात विराम नाही. पोतडी उघडून तुम्ही औषध शोधत बसलात तरी मागून राक्षस येतच राहतो. हा निष्काळजीपणा नव्हे, हा त्या खेळाचा विचार आहे: जग तुमच्यासाठी थांबत नाही. आणि मी काय करते? जाळ्याची जोडणी बंद ठेवून खेळते, आणि राक्षसाने गदा उगारली असताना खालून हाक आली की बटण दाबते. राक्षस गदा उगारून उभा राहतो, आणि मी भाकरी उलटून येते. भाऊजींच्या मते हा रसभंग आहे. मियाझाकींनी जी दहशत मोठ्या कष्टाने उभी केली, तिची मी किल्ली काढून घेते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. दहशत कमी होते. पण मला एक निराळीच गोष्ट मिळाली. त्या उगारलेल्या गदेचा विचार मी भाकरी उलटताना करत होते. आल्यावर डावीकडे उडी मारायची की उजवीकडे, हे तव्यापाशीच ठरले. क्रमशः कादंबरी वाचणाऱ्या माणसाला हे सुख ठाऊक आहे. खंड पडतो तेथे वाचकाचे मन काम करू लागते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येते. टेबलावरचा पीसी आमच्या घरी नऊ वर्षे आहे. त्यावर खेळायला मला कोणी मनाई केली नव्हती. उलट भाऊजी आग्रह करत. तरी नऊ वर्षांत मी त्या खुर्चीत जेमतेम चार-पाच वेळा बसले असेन, आणि जाऊबाई एकदाही नाही. कारण त्या खुर्चीत बसणे म्हणजे पाठ घराकडे आणि तोंड भिंतीकडे, कानांवर हेडफोन. म्हणजे ‘पुढचे दोन तास मी घरात नाही’ अशी जाहीर घोषणा. ही घोषणा करण्याचा अधिकार घरातल्या सगळ्यांना सारखा नसतो. डेक आल्यावर जाऊबाई कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळू लागल्या. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार-साडेचार वर्षे खपून, चित्रे, संगीत, लेखन सारे स्वतः करून, २०१६ साली हा शेतीचा खेळ पुरा केला. तोही आधी टेबलावरच्या पीसीसाठीच निघाला होता, आणि सहा वर्षे आमच्या घरी तो कोणालाही घेता आला असता. खेळ तोच, बैठक बदलली आणि खेळणारे माणूस बदलले.

यात आनंद आहे, तसा एक सलही आहे, आणि तो मी लपवणार नाही. आम्हाला अखंड दोन तास मिळाले नाहीत. मिळाले ते तुकडे, आणि ते तुकडे गोड करून देणारे यंत्र. ज्याला खुर्ची होती त्याची खुर्ची कायम आहे. तुकड्यांत वेळ घालवणे इतके सुखाचे झाले की अखंड वेळ मागायचा राहूनच जातो. माझ्या कादंबऱ्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि वह्या तपासून झाल्यावर लिहिल्या गेल्या आहेत. लोक त्याचे कौतुक करतात तेव्हा मला ते कौतुक पुरते गोड लागत नाही.

शिवाय काही खेळांना टेबलच हवे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९९ सालच्या दुसऱ्या भागात एकाच वेळी लाकूडतोडे सांभाळायचे, तट दुरुस्त करायचे आणि घोडदळ वळवायचे; डावा हात कळफलकावर आणि उजवा माऊसवर असल्याशिवाय तो खेळ फुलत नाही. डेकला माऊसऐवजी अंगठ्याने घासायच्या दोन चौकोनी पाट्या दिल्या आहेत. त्यांवर हे राज्य चालवणे म्हणजे मिठाच्या चमच्याने श्रीखंड घोटणे. फोर्टनाइटसारखे चढाओढीचे खेळ तर फसवणूक रोखणाऱ्या पहारेकऱ्यांमुळे डेकच्या मूळ प्रणालीवर चालतच नाहीत. आणि अक्षरे! टेबलावर दोन फुटांवरून वाचण्यासाठी मांडलेला मजकूर ७ इंचांत मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. चाळिशी लागलेल्या खेळाडूचा विचार करणारे चित्रकार थोडे. परीक्षणात खेळाची लांबी छापतात, तसे अक्षर केवढे आणि मध्येच उठता येते की नाही, एवढेही छापत जावे.

याच्या उलट ‘डिस्को एलिझियम’. २०१९ सालच्या या खेळाचे मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ हे मूळचे एस्टोनियन कादंबरीकार, आणि हा खेळ म्हणजे निखळ वाचन आहे. स्मृती हरवलेला एक पोलीस खानावळीत जागा होतो; त्याच्या डोक्यातल्या चोवीस वृत्ती त्याच्याशी बोलतात, भांडतात, थापा मारतात. मजकूर पडद्याच्या उजव्या अंगाला वर्तमानपत्राच्या रकान्यासारखा उतरतो. टेबलाशी बसून तो वाचताना मला कचेरीत फाइल वाचल्यासारखे झाले होते. रात्री दिवा मालवल्यावर, उशीशी तोच रकाना उतरू लागला तेव्हा ती चोवीस भुते माझ्याच डोक्यात बोलू लागली. मोठ्या पडद्याने या खेळाला काहीही दिले नव्हते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींच्या ‘राजी’ने मात्र मला पेचात टाकले. जत्रेत कसरती करणारी राजी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, दुर्गेने दिलेला त्रिशूळ. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा खेळ प्रथम आला तो निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर, म्हणजे हातात धरायच्या यंत्रावर, आणि टेबलावर आला दोन महिन्यांनी. पण त्याची दृष्टी दूरची आहे. राजस्थानी वळणाचे महाल, पाण्याची कुंडे, भिंतींवर रंगवलेल्या दुर्गेच्या कथा, आणि त्या अफाट वास्तूत चिमटीएवढी राजी. ७ इंचांवर भिंती दिसतात, चित्रे निसटतात. सावल्यांच्या बाहुल्यांतून कथा पुढे सरकते ते प्रसंग तेवढे लहान पडद्यावर सरस उतरले आहेत. बाहुल्यांच्या खेळाला लहानशी चौकट शोभतेच. बाकीचा खेळ मी रविवारी दुपारी, डेकला केबल लावून भाऊजींच्या पडद्यावर पाहिला. एका महालाच्या भिंतीपाशी जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “जरा थांबव गं, ते चित्र नीट बघू दे.”