हरणावरचा ठपका : रिचर्ड ऑस्टफेल्ड यांच्या लाइम रोगविषयक ग्रंथाची चिकित्सा

वन्य प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच मोठ्या, नजरेत भरणाऱ्या प्राण्याकडे जाते. अमेरिकेच्या ईशान्य भागातील लाइम रोगाबाबत हा मान पांढऱ्या शेपटीच्या हरणाकडे गेला. परिस्थितिकीतज्ज्ञ रिचर्ड ऑस्टफेल्ड यांच्या ‘लाइम डिसीज : द इकॉलॉजी ऑफ अ कॉम्प्लेक्स सिस्टिम’ (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०११) या ग्रंथाने या समजुतीला आव्हान दिले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात त्यातील काही प्रतिपादने अधिक दृढ झाली, तर काहींना धक्के बसले. त्या दृष्टीने ग्रंथाची फेरतपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

लाइम हे कनेटिकट राज्यातील एक लहान गाव. तेथील आणि आसपासच्या मुलांमध्ये सांधेदुखीचे प्रमाण असाधारण असल्याचे १९७५ मध्ये दोन मातांनी आरोग्य खात्याच्या निदर्शनास आणून दिले. येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर यांनी पाहणी करून १९७७ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोचिडीच्या आतड्यातील मळसूत्री आकाराचा जीवाणू दाखवून दिला. दरम्यान १९७९ मध्ये ईशान्येकडील गोचीड स्वतंत्र जातीची मानून तिला ‘इक्सोडेस डॅमिनी’ हे नाव देण्यात आले होते. १९९३ मध्ये ती आधीच ज्ञात असलेल्या ‘इक्सोडेस स्कॅप्युलॅरिस’ या जातीतच मोडते असे ठरले. शास्त्रीय नाव मागे पडले. ‘डिअर टिक’, म्हणजे हरणाची गोचीड, हे लोकांच्या तोंडचे नाव मात्र टिकले आणि त्याबरोबर हरणावरचा ठपकाही टिकला.

या गोचिडीचे आयुष्य साधारणतः दोन वर्षांचे असते आणि त्या अवधीत ती तीनदाच पोटभर रक्त पिते : सहा पायांच्या डिंभावस्थेत, त्यानंतर निंफावस्थेत आणि शेवटी प्रौढ मादी झाल्यावर. अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ जवळजवळ नेहमीच जीवाणूमुक्त असतो. त्यामुळे पहिले रक्त कोणाचे, या प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून राहते. ते बाधित उंदराचे असेल, तर पुढील वर्षी खसखशीच्या दाण्याएवढा दिसणारा निंफ माणसाला चावून रोग देऊ शकतो. प्रौढ माद्या मुख्यतः हरणावर पोसल्या जातात. परंतु हरणाच्या रक्तद्रवात हा जीवाणू नष्ट होतो. म्हणजे हरीण गोचिडींची पैदास वाढविते, त्यांना बाधित मात्र करीत नाही. पैदास आणि बाधा यांतील हा भेद ग्रंथाचा कणा आहे.

न्यूयॉर्क राज्यातील डचेस परगण्यात ऑस्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तेरा वर्षे गोळा केलेली आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हरणांची संख्या आणि हवामान यांपेक्षा पांढऱ्या पायांचे उंदीर, चिपमंक आणि ओकची फळे यांवरूनच धोक्याचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. एखाद्या शरदात ओकला अमाप फळे आली की पुढील उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्यांच्यावर पोसलेले डिंभ त्यापुढील उन्हाळ्यात निंफ होऊन वावरू लागतात. झाडाखालच्या फळांवरून दोन वर्षांनंतरच्या रोगाचा अदमास घेण्याचा हा भाग ग्रंथातील सर्वांत वाचनीय भाग म्हणावा लागेल.

तथापि येथेच एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. जेथे हरणे आधीच भरपूर आहेत तेथे त्यांच्या संख्येतील चढउताराने फारसा फरक पडत नाही, एवढेच या आकडेवारीवरून सिद्ध होते. हरणे अजिबात नसतील तर काय होईल, हा निराळा प्रश्न आहे. मेन राज्यातील मॉन्हेगन बेटावरील सर्व हरणे १९९६ ते १९९९ या काळात काढून टाकण्यात आली आणि काही वर्षांतच तेथील गोचिडींची पैदास कोसळली. बेटावरचा निष्कर्ष मुख्य भूमीला लावता येत नाही हे मान्य. पण हरणाला दोषमुक्त करण्याच्या ओघात त्याला गौण ठरविणे हे तर्काला धरून नाही.

मग खरा दोष उंदराचा काय? ऑस्टफेल्ड ज्यात सहलेखक होते अशा २००८ मधील एका संशोधनाने या उत्तरालाही तडा दिला. त्यानुसार उंदीर एकूण गोचिडींपैकी सुमारे १० टक्के आणि बाधित गोचिडींपैकी सुमारे २५ टक्के गोचिडींना पोसतात. चिचुंद्र्यांच्या वाट्याला मात्र एकूण गोचिडींपैकी ३५ टक्के आणि बाधितांपैकी ५५ टक्के येतात. उंदीर सापळ्यात सहज सापडतो, म्हणून अभ्यासही त्याचाच अधिक होतो. हरणावरचा ठपका डोळ्यांना दिसण्यातून आला, तसा उंदरावरचा ठपका काही अंशी सापळ्याच्या सोयीतून आला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथाचा सर्वाधिक गाजलेला सिद्धान्त ‘विरलन परिणामा’चा. जंगलात प्राण्यांच्या जाती जितक्या अधिक, तितके डिंभ जीवाणू न देणाऱ्या पोषकांवर विभागले जातात आणि रोगाचा धोका विरळ होतो, असे त्याचे सार सांगता येईल. जैवविविधतेच्या रक्षणाला आरोग्याचा आधार देणारा हा विचार मोहक आहे; त्याच कारणाने तो अधिक कठोरपणे तपासला पाहिजे. साराह रँडॉल्फ आणि अँड्रू डॉब्सन यांनी २०१२ मध्ये नेमका हाच मुद्दा लावून धरला. वाढीव पोषक बाधित गोचिडींचे शेकडा प्रमाण कमी करतीलही, पण तेच पोषक गोचिडींची एकूण संख्या वाढवू शकतात. माणसाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते परिसरातील बाधित निंफांच्या संख्येला, केवळ शेकडेवारीला नव्हे. ओपॉसम हा प्राणी अंगावर चढलेल्या गोचिडींपैकी बहुसंख्य मारतो, हा २००९ मधील प्रयोगशाळेतील निष्कर्ष या सिद्धान्ताचे लाडके उदाहरण ठरला होता. २०२१ मध्ये रानातील ओपॉसमांची जठरे तपासली असता त्यांत एकही गोचीड आढळली नाही.

आपल्याकडील वाचकाला या चर्चेत क्यासनूर अरण्यरोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात उद्रेक झालेला हा गोचिडजन्य रोग ‘माकडताप’ या नावानेच परिचित आहे. तो विषाणुजन्य असल्याने तुलना मर्यादितच राहते. शिवाय माकड येथे हरणाप्रमाणे निर्दोष नाही; विषाणू त्याच्या शरीरात वाढतो, आणि त्यानेच ते मरतेही. मात्र प्रौढ गोचिडींना पोसण्यात जंगलात चरणाऱ्या गुरांचा वाटा मोठा असूनही गुरांचा उल्लेख रोगाच्या नावात नाही, आणि जनजागृतीतही तो क्वचितच ठळकपणे येतो.

ऑस्टफेल्ड यांनी स्वतःच्या प्रतिपादनाची परीक्षाही घेतली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. फेलिशिया कीसिंग यांच्यासमवेत त्यांनी डचेस परगण्यातील २४ वस्त्यांमध्ये २०१७ पासून चार वर्षे प्रयोग केला. आवारात बुरशीजन्य औषध फवारण्यात आले. लहान सस्तन प्राण्यांच्या अंगावरील गोचिडी मराव्यात म्हणून औषधयुक्त आमिषपेट्या ठेवण्यात आल्या. काही वस्त्यांत तुलनेसाठी निष्क्रिय उपाय वापरले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आवारातील गोचिडी कमी झाल्या आणि पाळीव प्राण्यांतील रोग घटला, परंतु माणसांमधील रुग्णसंख्येत घट दिसली नाही. बाधित निंफांची घनता हे ग्रंथाचे मुख्य मापक आहे. त्या मापकापासून रुग्णापर्यंतच्या वाटेवर माणसाचे हिंडणेफिरणे, त्याचे अंगण आणि त्याच्या सवयी येतात, आणि त्यांना या ग्रंथात फारच थोडी जागा मिळाली आहे.