रक्तपट्टिकेची दोन कुलपे

बजाजनगरमध्ये शिक्षकांच्या एका बैठकीत एका गुरुजींनी विचारले, "अँजिओप्लास्टीनंतर मला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या दिल्या आहेत. दोन्ही रक्त पातळ करण्याच्याच. मग एक बंद केली तर काय बिघडेल?" आपले पाठ्यपुस्तक 'रक्तपट्टिका रक्त गोठण्यास मदत करतात' एवढे सांगून थांबते. त्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उत्तराचा एक धागा 1998 सालच्या एका शोधनिबंधात सापडतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात जिआन्गुओ जिन आणि सत्य कुणापुली यांनी तो लिहिला.

जखम झाली की रक्तपट्टिकांमधून, म्हणजे प्लेटलेटमधून, एडीपी हे रसायन बाहेर पडते आणि शेजारच्या पट्टिकांना एकत्र येण्याचा निरोप देते. हा निरोप घेणारे ग्राही दोन आहेत. एकामुळे पट्टिकेतील कॅल्शियम वाढते. दुसऱ्यामुळे तिला शांत ठेवणारे चक्रीय एएमपी कमी होते. यांपैकी कोणताही एक अडवला तर पट्टिका एकत्र येत नाहीत. म्हणजे दोन्ही आवश्यक.

पण दोन्ही मिळून पुरेसे आहेत का? निबंधाचे खरे मोल या प्रश्नात आहे. संशोधकांनी अडवलेल्या पहिल्या ग्राहीचे काम सेरोटोनिनकडून आणि दुसऱ्याचे अ‍ॅड्रेनॅलिनकडून करून घेतले. पट्टिका पुन्हा एकत्र आल्या. पुढे एडीपी वगळून ही दोन रसायने एकत्र दिली, तरीही तेच घडले. एकेकट्याने मात्र घडले नाही. कुलपे दोन आहेत आणि ती एकाच वेळी उघडावी लागतात, हे यातून स्वच्छ दिसते.

निबंधाच्या मर्यादाही पाहायला हव्यात. प्रयोग शरीराबाहेर, ढवळत्या नळीत झाले. तेथे वाहते रक्त नव्हते, रोहिणीची जखमी भिंतही नव्हती. शिवाय दुसऱ्या ग्राहीचे जनुक 2001 साली सापडले. तोवर तो केवळ त्याच्या परिणामांवरून ओळखला जात होता. त्यामुळे या एका निबंधावरून रक्त गोठण्याचे संपूर्ण चित्र रंगवू नये.

आता गुरुजींचा प्रश्न. दोन गोळ्या म्हणजे ही दोन कुलपे, असा समज सहज होईल. तो चुकीचा आहे. क्लोपिडोग्रेल यांतील दुसरा ग्राही बंद करते. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन या तिसऱ्याच निरोप्याची निर्मिती थांबवते. पट्टिकेला केंद्रक नसल्याने ही हानी ती भरून काढू शकत नाही. परिणाम तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. रक्त 'पातळ' होत नाही, पट्टिकांचे निरोप अडतात, आणि दोन गोळ्या दोन वेगळे निरोप अडवतात. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होणे जिवावर बेतू शकते. म्हणून कोणती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

वर्गात हा धडा शिकवताना मुलांना दोन प्रश्न विचारायला लावा : हे आवश्यक आहे का? आणि एवढेच पुरेसे आहे का? पाठ्यपुस्तकातील 'मदत करतात' या शब्दांमागे काय दडले आहे, ते मग मुलेच शोधू लागतील.