शिकणारी आई आणि आमचें चरित्रवाङ्मय

आमच्या चरित्रवाङ्मयांत शिकलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत; शिकत असलेल्या स्त्रिया त्या मानानें थोड्या, आणि शिकत असलेल्या आया तर जवळजवळ नाहींतच. सौभाग्यवती पत्नी पतीच्या इच्छेवरून पाटी हातीं घेते, घरांतल्या वडील स्त्रियांचे टोमणे सोसते आणि अखेर पतीच्या कार्याला शोभेल इतकी विदुषी होते, ही कथा आम्हां सर्वांस पाठ आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकानें ती इतक्या उंचीवर नेऊन ठेविली आहे कीं, स्त्रीशिक्षण म्हटलें म्हणजे दिव्याजवळ बसलेलें एक जोडपेंच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या पुस्तकाच्या थोरवीविषयीं आमचा वाद नाहीं. पण जिच्या हातीं पाटी देणारा पति नाहीं, जिला पोटासाठीं काम करावें लागतें, आणि जिच्या पदराला एक मूल आहे, अशी बाई पुन्हां विद्यार्थिनी झाली, तर तिची कथा कोणत्या पुस्तकांत वाचावयाची?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. पुण्याहून सोलापूरच्या गाडीनें निघालें म्हणजे दौंड जंक्शन येण्यापूर्वीं केडगांवचें स्टेशन लागतें. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. केडगांव दौंड तालुक्यांत. उत्तरेस भीमा ओलांडली कीं शिरूर तालुका. या कोरडवाहू मुलुखांत एका विदुषीनें जमीन घेतली, विहिरी खोदविल्या आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत अन्नाला मोताद झालेल्या मुली व विधवा तेथें आणून ठेविल्या, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. तिनें धर्म बदलला हें तर त्याहून अधिक लोकांस ठाऊक असतें, व पुष्कळांची माहिती तेथेंच संपते. परंतु केडगांवला येण्यापूर्वीं ही बाई परदेशांत नोकरी करून शिकत होती, आणि तें शिक्षण एका लहान मुलीला बरोबर घेऊन चाललें होतें, ही गोष्ट चरित्रकारांच्या लेखणीखालीं दोन-चार वाक्यांत आटोपते. आमच्या मतें या आयुष्याची खरी कसोटी त्याच वर्षांत लागली.

हकीकत थोडक्यांत अशी. १८८० सालीं रमाबाईंचा विवाह बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं झाला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले. मुलगी तेव्हां वर्षाचीही नव्हती. आईबाप पूर्वींच गेलेले, भाऊही गेलेला. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढें साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. या पुस्तकाच्या उत्पन्नांतून विलायतेच्या प्रवासखर्चाची तजवीज झाली, ही गोष्ट आम्हांस त्या पुस्तकांतील उपदेशापेक्षां अधिक बोलकी वाटते. स्त्रियांनीं कसें वागावें हें सांगणारें पुस्तक विकून त्याच्या लेखिकेनें, तत्कालीन समाजाच्या दृष्टीनें कोणत्याही स्त्रीनें वागूं नये असें, वागण्याची सोय केली!

१८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडांत वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठांत उतरल्या. हिंदुस्थानांत जाणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावयाचें आणि त्याच्या मोबदल्यांत राहावयाचें, असा व्यवहार होता. वैद्यक शिकण्याची उमेद होती. पण ऐकूं कमी येत असल्यामुळें ती सोडावी लागली. पुढें १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत, डोरोथिया बील या मुख्याध्यापिकेच्या छत्राखालीं, त्या इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत आणि त्याच वेळीं संस्कृत शिकवीत. एकाच इमारतींत एका तासाला विद्यार्थिनी आणि दुसऱ्या तासाला अध्यापिका! आणि तिसरें काम, म्हणजे आईचें, त्याला तर तासच नव्हता.

आतां या वर्षांचें चित्र त्यांच्या ग्रंथांत पाहूं जावें, तर तें कोठें मिळतें? १८८७ सालचें 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हें इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय स्त्रीची स्थिति सांगतें. त्यांत रमाबाई वकील आहेत, पक्षकार नाहींत. त्यांचें स्वतःचें चरित्र त्या पुस्तकाच्या आरंभीं आहे खरें, पण तें सांगितलें आहे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक विद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनीं, प्रस्तावनेंत. १८८९ सालच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या मराठी ग्रंथाची भाषा स्वच्छ, नर्मविनोदी आणि आजही ताजी आहे. त्या शतकांतल्या मराठी प्रवासवर्णनांत आम्ही त्याला पहिल्या रांगेंत बसवूं. अमेरिकेंतील स्त्रियांनीं महाविद्यालयांचे दरवाजे एकेक करून कसे उघडविले, हें त्यांत मोठ्या उत्साहानें सांगितलें आहे. परंतु सांगणारी स्वतः अशाच एका दरवाजांतून, कडेवर मूल घेऊन, नुकतीच आंत शिरली होती, याचा सुगावा वाचकास सहसा लागत नाहीं. १९०७ च्या साक्षीच्या पुस्तकांत आत्म्याचा प्रवास आहे. मुलीच्या वांट्याला त्यांत फारसें कांहीं आलेलें नाहीं.

हें मौन आम्ही दोष म्हणून सांगत नाहीं. सार्वजनिक काम करणाऱ्या विधवेनें आपल्या घरच्या अडचणी छापणें म्हणजे विरोधकांच्या हातीं कोलीत देणें होतें. पुरुष ग्रंथकारानें पोरांचें नांव घेतलें नाहीं तर तो गंभीर ठरतो. बाईनें घेतलें तर ती रडकी ठरते, आणि न घेतलें तर निष्ठुर. रमाबाईंनीं यांतला दुसरा आरोप पत्करला असें दिसतें.

पण त्यांचीं पत्रें उरलीं आहेत. सिस्टर जेराल्डाइन या भगिनीनें तीं जमवून, आपल्या टीपा घालून ठेविलीं होतीं, अ. भि. शहा यांनीं संपादन करून १९७७ सालीं तीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळातर्फे छापविलीं. पत्रें इंग्रजींत आहेत, परंतु जेराल्डाइनबाईस संबोधन आहे 'आजीबाई'. परक्या भाषेच्या मजकुरावर हा एक मराठी शब्द कुंकवासारखा बसला आहे. आणि गंमत अशी कीं, पत्रांतला मजकूर मात्र नातीचा नाहीं, प्रतिपक्षाचा आहे. मनोरमेनें कोठें राहावें, आईजवळ कीं मठांत. तिला धर्माचीं कोणतीं तत्त्वें शिकवावीं आणि कोणतीं तिला समजूं लागेपर्यंत थांबावें. तिच्याविषयींचा शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नांवर त्या पत्रांत पुन्हां पुन्हां खडाजंगी उडते. रमाबाईंनीं तरुण पुरुषांस शिकवावें किंवा नाहीं, यावरही धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली. भरसभेंत शास्त्र्यांपुढें बोललेल्या बाईला या शंकेचें नवल वाटलें असल्यास तें साहजिकच होतें.

या वादांत जेराल्डाइनबाई दुष्ट होत्या असें कोणी समजूं नये. त्यांनीं मुलीला माया लावली, तिला सांभाळलें, आणि तिच्या आईला शिकतां यावें म्हणून हें सर्व केलें. अडचण नेमकी तेथेंच होती. शिकणाऱ्या आईचें मूल जो सांभाळतो, त्याला त्या मुलाविषयीं बोलण्याचा हक्क आपोआप मिळतो. आणि ज्याचे उपकार घ्यावयाचे त्याच्याशींच आपल्या मुलासाठीं भांडावयाचें, हें त्या आईच्या नशिबीं येतें. रमाबाई भांडल्या. आश्रय त्यांचा, अन्न त्यांचें, धर्मही नव्यानें घेतलेला त्यांचाच. तरी मुलीविषयीं निर्णय माझा, या मुद्यावरून त्या हलल्या नाहींत. अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वीं शिकावयास घेतलेल्या भाषेंत केलेला हा युक्तिवाद आहे. मराठी स्त्रीनें लिहिलेल्या गद्यांत इतकें कसदार, इतकें सडेतोड गद्य त्या काळीं दुसरें कोठें असेल असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तें मराठींत नाहीं याची हळहळही वाटते.

तथापि शेवटीं किंमत द्यावी लागलीच. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. मुलगीही बरोबर होती. कांहीं महिन्यांनीं मनोरमेला परत इंग्लंडांत वाँटेजला ठेवावें लागलें, आणि आई बालोद्यानाची शिक्षणपद्धति शिकत, भावी शाळेसाठीं व्याख्यानें देत, गांवोगांव फिरत राहिली. 'हाय-कास्ट हिंदू वूमन' पानोपान वाचतांना, हें लिहिणारीची पांच-सहा वर्षांची मुलगी समुद्रापलीकडे आहे, एवढी एकच गोष्ट मनांत धरावी. तें पुस्तक निराळें वाचलें जातें. आम्हीं तें असें प्रथम वाचलें त्यास फार दिवस झाले नाहींत.

१८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. तीच पुढें धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. आणि या बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. येथें आम्ही मुद्दाम थांबतों, कारण आमच्या विषयाला रमाबाईंपेक्षांही अधिक उपयोगी पुस्तक या पार्वतीबाईंचें आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस करावयाचें आहे.

पार्वतीबाई विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या; पदरीं एक मुलगा. केशवपन झालेलें. पंचविशी उलटल्यावर त्यांनीं शिक्षणास हात घातला आणि कर्व्यांच्या आश्रमाला स्वतःस वाहून घेतलें. आश्रमासाठीं वर्गणी मागत त्या प्रांतोप्रांतीं हिंडल्या; आणि १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, इंग्रजी शिकावयाचें या एका हट्टानें अमेरिकेस गेल्या. तेथें घरकाम करून त्यांनीं पोट भरलें. १९२८ सालीं त्यांची 'माझी कहाणी' प्रसिद्ध झाली. १९३० सालीं जस्टिन अ‍ॅबट यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें.

रमाबाई अलौकिक बुद्धीच्या. त्यांचें उदाहरण पाहून सामान्य बाई हात जोडील, पण पाटी हातीं घेईलच असें नाहीं. पार्वतीबाईंना इंग्रजी येईना! आणि तें त्या सांगतात. वय झालें, शब्द राहत नाहींत, कामानें अंग मोडून येतें, पुस्तक उघडलें कीं डोळे मिटतात, हा अनुभव आमच्या आत्मचरित्रकारांनीं लाजेखातर लपविलेला आहे. येथें तो साध्या, थोड्या ओबडधोबड मराठींत उघडपणें येतो. त्यांचे स्त्रीशिक्षणाविषयींचे विचार आजच्या वाचकास जुने वाटतील, व पुस्तकाची मांडणी कांहीं ठिकाणीं वार्षिक अहवालासारखी झाली आहे हेंही खरें. पण अपुऱ्या यशाची इतकी निर्भेळ कहाणी मराठींत विरळा. मुलाविषयीं मात्र येथेंही वाचकास अधिक ऐकावेंसें वाटत राहतें.

रमाबाईंचें शिकणें केडगांवांतही थांबलें नाहीं. उतारवयांत त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत आश्रमांतल्या बायकामुलींनीं त्याचे खिळे जुळविले. मनोरमाबाई आईच्या हाताखालीं शाळा चालवीत आणि आंधळ्या स्त्रियांस ब्रेल शिकवीत. १९२१ च्या जुलैंत त्या वारल्या. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई. भाषांतराचा संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. जी मुलगी आईच्या शिक्षणासाठीं परक्यांच्या घरीं राहिली, तिनें पुढें आईची शाळा सांभाळली, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकारानें रचली असती तर आम्ही तिला ओढूनताणून आणलेली म्हटलें असतें.

हें सर्व जुनें झालें, असें वाचक म्हणतील. आतां शिरूर तालुक्यांत रांजणगांवला आणि दौंड तालुक्यांत कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. बायका तेथें पाळीनें कामावर जातात. अर्धवट राहिलेली दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून देतां येते, घरीं बसून पदवीही घेतां येते. दरवाजे उघडे आहेत, यांत संशय नाहीं. परंतु एका अभ्यासकेंद्रावर रविवारचा तास घेत असतांनाचा एक प्रसंग आम्हांस येथें सांगितलाच पाहिजे. शिरूरकडची एक बाई, वय तिशीच्या आंत-बाहेर, नवऱ्यानें टाकलेली, कारखान्यांत माल बांधण्याच्या कामावर असलेली, आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन वर्गांत आली. मुलीला तिनें शेवटच्या बाकावर चित्रें काढीत बसविलें. अर्ध्या तासानें कचेरींतून निरोप आला कीं, वर्गांत मुलें आणण्याची पद्धत नाहीं. ती उठून आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, घरीं कोणी नाहीं हिला बघायला." आम्हीं नियमाकडे बोट दाखविलें. मुलगी आवाज करीत नव्हती, हें आम्हांस दिसत होतें. आम्ही त्या दिवशीं रमाबाई रानड्यांच्या आठवणी शिकवीत होतों.

बाई मुलीचें बोट धरून निघून गेली. पुढल्या तीन-चार रविवारीं ती आली नाहीं. नंतर येऊं लागली तेव्हां एकटीच येत असे, परीक्षेलाही बसली. मुलगी त्या वेळीं कोठें ठेविली होती, हें तिनें सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं.