‘पांढऱ्या पोकळी’चा प्रतिवाद : शुभंकर बॅनर्जी यांच्या आर्क्टिक छायाचित्रग्रंथाची चिकित्सा

अलास्काच्या ईशान्य टोकावरील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रात तेलविहिरी खोदाव्यात की नाहीत, हा वाद अमेरिकी काँग्रेससमोर चार दशकांहून अधिक काळ पडून आहे. १९८० च्या कायद्याने हे क्षेत्र सुमारे १ कोटी ९० लाख एकरांपर्यंत वाढवले. परंतु समुद्रकाठच्या सुमारे १५ लाख एकर मैदानाचा निर्णय पुढे ढकलला. या वादात २००३ साली एका छायाचित्रग्रंथाने थेट हस्तक्षेप केला. ‘आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज : सीझन्स ऑफ लाइफ अँड लँड’ हा तो ग्रंथ. त्याचे कर्ते शुभंकर बॅनर्जी हे मूळचे पश्चिम बंगालचे. शिक्षणाने अभियंता व भौतिकशास्त्राचे अभ्यासक. ग्रंथाला माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची प्रस्तावना आहे. सदर ग्रंथ केवळ निसर्गचित्रांचा संग्रह म्हणून पाहणे म्हणजे त्यामागील युक्तिवादाकडे डोळेझाक करणे होय.

हा युक्तिवाद समजण्यासाठी त्या काळातील प्रतिपक्षाची भाषा लक्षात घ्यावी लागते. तत्कालीन अंतर्गत व्यवहार मंत्री गेल नॉर्टन यांनी या किनारी मैदानाचे वर्णन सपाट, पांढरी पोकळी असे केले होते. जेथे काहीच नाही तेथे खोदण्याने काय बिघडणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. बॅनर्जी यांनी २००१ व २००२ या वर्षांत मिळून सुमारे चौदा महिने या प्रदेशात काढले आणि चारही ऋतूंचे चित्रण केले. त्यांचे हिवाळ्याचे चित्रण विशेष महत्त्वाचे आहे. ध्रुवीय अस्वलाची गाभण मादी बर्फात गुहा करून हिवाळ्यातच पिलांना जन्म देते. कॅनिंग नदीच्या मुखाजवळील अशाच एका गुहेपाशी त्यांनी हिमवादळात मुक्काम केला. खोदकामाचे समर्थक सांगतात की अवजड यंत्रे हिवाळ्यातच, गोठलेल्या जमिनीवरून व बर्फाच्या रस्त्यांवरून नेली जातील; म्हणून हानी होणार नाही. हिवाळा रिकामा असेल तरच हे म्हणणे टिकते. तो तसा नाही, हे ग्रंथातील चित्रे दाखवतात. शिवाय १९८४-८५ च्या हिवाळ्यांत तेलशोधासाठी झालेल्या सर्वेक्षणात वाहनांनी टुंड्रावर उमटवलेले चाकोरे कित्येक दशकांनंतरही पूर्णपणे बुजले नव्हते. जमिनीखालचा कायम गोठलेला थर एकदा वितळू लागला की वरची वनस्पती तुटते, पाणी साचते आणि वितळण्याची क्रिया आपोआप पुढे चालू राहते.

१९ मार्च २००३ रोजी सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी हा ग्रंथ सिनेटमध्ये उंचावून दाखवला. त्या दिवशी ५२ विरुद्ध ४८ मतांनी खोदकामाची तरतूद अर्थसंकल्पातून वगळण्यात आली. त्यानंतर स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात भरणारे बॅनर्जी यांचे प्रदर्शन दर्शनी दालनाऐवजी खालच्या मजल्यावर नेण्यात आले व चित्रांखालील सविस्तर मजकूर कापून बहुतेक ठिकाणी केवळ विषय व स्थळ यांची नावे ठेवण्यात आली. राजकीय दबावाचा आरोप संस्थेने नाकारला. दबाव होता की नव्हता, हा प्रश्न येथे गौण आहे. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की चित्रे होती तशीच राहिली, मजकूर मात्र गेला. आणि तेवढ्याने पक्ष्याचे चित्र केवळ पक्ष्याचे चित्र झाले. तो कोठून आला, अंडी कोठे घालतो, तेलविहीर आल्यास कोठे जाईल, हे सांगणारे शब्दच उरले नाहीत.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. सौंदर्याचा युक्तिवाद प्रभावी असला तरी निसरडा असतो. खोदकाम व्हायचे ते मैदानात, मग डोंगरांची देखणी चित्रे कशाला, हा समर्थकांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्याचे उत्तर चित्रांच्या देखणेपणात नाही. ते कॅरिबूच्या वाटेत आहे. पॉर्क्युपाइन नावाने ओळखला जाणारा कळप (२०१७ च्या गणनेनुसार सुमारे २ लाख १८ हजार जनावरे) हिवाळा डोंगरांपलीकडे व कॅनडात घालवतो आणि विण्यासाठी प्रामुख्याने या मैदानात येतो. या कळपावर जगणारे ग्विचिन लोक या भूमीला जीवन जेथे सुरू होते ते पवित्र स्थान मानतात. त्यांच्या दृष्टीने हा देखाव्याचा नसून अन्नाचा व हक्काचा प्रश्न आहे. दुसरीकडे, आश्रयक्षेत्रातील काक्टोविक गावातील अनेक इन्युपियाट नेत्यांना तेलाचे उत्पन्न हवे आहे. मात्र बॅनर्जी यांचे वाटाडे रॉबर्ट थॉम्पसन याच गावचे आणि खोदकामाचे विरोधक. म्हणजे गावातही एकमत नाही. या अंतर्विरोधाला सौंदर्यप्रधान मांडणीत पुरेसा अवकाश मिळत नाही.

आर्थिक बाजूचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २०१७ च्या करविषयक कायद्याने मैदान खुले झाले ते किमान एक अब्ज डॉलर उभे राहतील या हिशेबावर. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ च्या लिलावात सुमारे १ कोटी ४४ लाख डॉलरच्याच बोली लागल्या. बहुतेक भाडेपट्टे अलास्का राज्याच्याच एका मंडळाने घेतले आणि मोठी तेलकंपनी एकही आली नाही. जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली आली नाही. याच कायद्याने बांधकामावर घातलेली २,००० एकरांची मर्यादाही फसवी आहे. हे क्षेत्र सलग असण्याची अट नाही आणि नळमार्गाच्या बाबतीत केवळ खांबांनी व्यापलेली जागा मोजली जाते.

जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने दहा वर्षांत आणखी चार लिलाव बंधनकारक केले. बोली लावणारा न मिळालेल्या त्याच मैदानाचे तुकडे पुन्हा नकाशावर आखले जाणार आहेत. त्या नकाशात भूखंडांचे क्रमांक असतील. विण्याच्या जागा व अस्वलांच्या गुहा त्यावर कोणी दाखवायच्या, हा प्रश्न २००३ मध्ये कापलेल्या मजकुराइतकाच अनुत्तरित आहे.