'स्वमग्न' हा शब्द आणि एक ग्रंथ

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात नव्या कराराचे अध्यापन करणारे ग्रँट मॅकॅस्किल यांचा 'ऑटिझम अँड द चर्च' हा ग्रंथ २०१९ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या पाळकबंधूंनी तो अवश्य मिळवावा. पवित्र शास्त्राला ही अवस्था या नावाने ठाऊक नाही. म्हणून एखादे सुटे वचन उचलून तिचा निवाडा करू नये, हा ग्रंथकाराचा आग्रह आम्हांला मोलाचा वाटतो. न बोलणारे मूल पाहताच सुवार्तेतील भूतग्रस्ताची आठवण काढणारे उपदेशक आजही आहेत, एवढे येथे नमूद करणे पुरे.

ग्रंथाचे बळ करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांच्या वाचनात आहे. वक्तृत्व व प्रतिष्ठा यांवरून माणसाची किंमत करणाऱ्या त्या मंडळीला पौलाने अशक्त अवयवांची आठवण दिली. आजच्या मंडळीत तीच किंमत मिळूनमिसळून वागण्याला आली आहे. जो नजरेला नजर देत नाही, हस्तांदोलन टाळतो, तो विश्वासात थंड ठरतो.

मराठी वाचकापुढे मात्र आणखी एक अडचण आहे. ब्लॉयलर यांनी १९११ साली 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडविले, तेही निराळ्या मनोविकाराच्या एका लक्षणासाठी. १९४३ साली कॅनर यांनी ते मुलांच्या या अवस्थेला लावले. मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. आता आमच्या व्यासपीठावर 'स्व' हा तर जुना वैरी! 'स्व'ला वधस्तंभी द्या, असे ज्या मंडळीला वर्षानुवर्षे सांगितले, तिला 'स्वमग्न' या शब्दात रोगनिदान ऐकू येईल की पापाचा आरोप? ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने कान झाकून बाहेर धावणारे मूल स्वतःत मुळीच मग्न नसते; बाहेरचे सारे त्याच्यावर एकदम कोसळलेले असते. शब्द रूढ झाला आहे, तो बदलणे आमच्या हाती नाही. परंतु धर्मपाठात तो उच्चारताना दोन वाक्ये अधिक बोलावीत.

उपासनेच्या क्रमाविषयी आम्हांला या ग्रंथात अधिक विस्तार हवा होता. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने चालणारी जुनी उपासना, जिला आमचे तरुण रुक्ष म्हणतात, ती अशा पुष्कळ विश्वासणाऱ्यांना आधार देते; ऐनवेळी बदललेले गीत किंवा 'शेजाऱ्याचा हात धरा' ही आज्ञा त्यांना हैराण करते. हे आतून जाणून घेण्यास डॅनिअल बोमन या ऑटिस्टिक ख्रिस्ती कवीचा 'ऑन द स्पेक्ट्रम' (२०२१) हा निबंधसंग्रह जोडीला वाचावा. प्रौढपणी निदान झालेला हा लेखक स्वतःविषयी स्वतःच बोलतो.

राहिला दृढीकरणाचा प्रश्न. विश्वासाचा अंगीकार तोंडाने करता न येणाऱ्या उमेदवाराने तो लिहून किंवा खुणेने केला, तर आमचे किती पाळक तो आनंदाने मान्य करतील?